समांतर द्विसिलिंडर एंजिन व ब्रिटिश मोटारसायकल उद्योग

दोन सिलिंडर एकमेकांशेजारी, वाहनाच्या रुंदीच्या दिशेने उभे बसविलेल्या मोटारसायकलीच्या अंतर्ज्वलन एंजिनाला (ज्यात इंधनाचे ज्वलन सिलिंडरातच होते अशा एंजिनाला) समांतर द्विसिलिंडर एंजिन म्हणतात. १९३७ मध्ये इंग्लंडमधील ट्रायंफ कंपनीने या रचनेला यशस्वी रूप दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील जवळजवळ सर्व प्रमुख कारखान्यांनी तिचा स्वीकार केला आणि तिच्या बळावर मोठ्या मोटारसायकलींच्या जागतिक बाजारपेठेत अग्रस्थान मिळविले. मात्र १९७५ च्या सुमारास हा उद्योग मोडकळीस आला होता. एखादी यांत्रिक रचना एका उद्योगाला कशी भरभराटीस आणते आणि तिच्या यशावर विसंबून राहिल्यास तोच उद्योग कसा लयास जातो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या आरंभी कॉव्हेंट्री, बर्मिंगहॅम व रेडिच या इंग्लंडच्या मध्य भागातील शहरांत सायकलींचे कारखाने होते. त्यांपैकी अनेकांनी मोटारसायकली बनविण्यास सुरुवात केली. ट्रायंफ, रॉयल एनफील्ड, नॉर्टन, एरिअल, तसेच मुळात बंदुका बनविणारी बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स म्हणजेच बीएसए या त्यांतील प्रमुख कंपन्या होत. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती घेण्यास मनाई असल्यामुळे आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन या बेटावर १९०७ पासून टूरिस्ट ट्रॉफी या नावाने शर्यती भरविण्यात येऊ लागल्या. १९११ पासून या शर्यती डोंगराळ भागातून जाणाऱ्या सु. ६० किमी. लांबीच्या रस्त्यावर होऊ लागल्या आणि मोटारसायकलीच्या वेगाची व टिकाऊपणाची ती जगातील सर्वांत कठीण कसोटी समजली जाऊ लागली.

या काळातील नमुनेदार ब्रिटिश मोटारसायकल एकसिलिंडरी होती. ३५० किंवा ५०० घ. सेंमी. क्षमतेचा एकच उभा सिलिंडर, लांब धाव (सिलिंडरातील दट्ट्याच्या वर-खाली हालचालीचे अंतर) आणि जड प्रचक्र यांमुळे तिचे एंजिन कमी गतीलाही चांगले ओढत असे. रचना साधी असल्याने दुरुस्तीही सोपी होती. शर्यतींसाठी नॉर्टन कंपनीने याच प्रकाराचा परमोत्कर्ष साधला. मँक्स नॉर्टन या नावाने प्रसिद्ध असलेल्या तिच्या गाडीत झडपा उघडणारे कॅमदंड सिलिंडराच्या माथ्यावर होते. १९५० मध्ये रेक्स व क्रॉमी मकँडलेस या बंधूंनी तयार केलेली नवी चौकट या एंजिनास मिळाली आणि ५०० घ. सेंमी. च्या वर्गात ही गाडी आणखी काही वर्षे जगातील चतुःसिलिंडरी इटालियन गाड्यांच्या तोडीस तोड टिकून राहिली.

टर्नर यांची रचना : दोन सिलिंडर शेजारी ठेवण्याची कल्पना नवी नव्हती. ट्रायंफ कंपनीनेच १९३३ मध्ये व्हॅल पेज यांच्या आराखड्याप्रमाणे ६५० घ. सेंमी. ची अशी एक गाडी बाजारात आणली होती; परंतु ती जड होती व फारशी खपली नाही. १९३६ मध्ये जॅक सँग्स्टर यांनी ट्रायंफचा मोटारसायकल विभाग विकत घेतला व एडवर्ड टर्नर यांच्याकडे कारखान्याची सूत्रे दिली. टर्नर यांनी १९३७ मध्ये स्पीड ट्विन ही गाडी पुढे आणली. तिच्या एंजिनाची क्षमता ४९८ घ. सेंमी., सिलिंडराचा व्यास ६३ मिमी. व धाव ८० मिमी. होती.

या एंजिनाचे वैशिष्ट्य त्याच्या आटोपशीरपणात होते. ते कंपनीच्या प्रचलित एकसिलिंडरी गाडीच्या चौकटीत सहज बसत असे. त्यामुळे नवी चौकट, नवी गिअर पेटी किंवा नवी यंत्रसामग्री यांवर फारसा खर्च करावा लागला नाही. झडपा उघडण्यासाठी भुजादंडाच्या (दट्ट्यांच्या सरळ गतीचे चक्राकार गतीत रूपांतर करणाऱ्या व कारागीर ज्याला क्रँकशाफ्ट म्हणतात त्या दंडाच्या) पुढे व मागे एकेक कॅमदंड बसविला होता व त्यांची हालचाल उभ्या दांड्यांच्या द्वारे माथ्यावरील झडपांपर्यंत पोहोचविली जात असे. दोन्ही दट्टे एकाच वेळी वर व एकाच वेळी खाली जात. मात्र त्यांच्यातील इंधनाचे ज्वलन आळीपाळीने होई. चार धावांच्या आवर्तनात एका सिलिंडरात भुजादंडाच्या दोन फेऱ्यांमागे एकदा शक्ती मिळते. येथे दोन सिलिंडर असल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात एकदा, समान अंतराने शक्ती मिळत असे. परिणामी गाडी एकसिलिंडरी गाडीपेक्षा मऊ चाले, लवकर वेग घेई व एकाच कार्ब्युरेटरवर दोन्ही सिलिंडरांचे काम भागे. सु. २७ अश्वशक्तीच्या या गाडीचा कमाल वेग ताशी सु. १४५ किमी. होता व तिची किंमत मध्यमवर्गीय तरुणाच्या आवाक्यातील होती.

प्रसार : १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री शहरावर केलेल्या बाँबहल्ल्यात ट्रायंफचा कारखाना उद्ध्वस्त झाला. जवळच्या मेरिडन या गावी नवा कारखाना उभारण्यात येऊन तेथे १९४२ मध्ये उत्पादन सुरू झाले. युद्धानंतर इतर कंपन्यांनीही ट्रायंफचेच अनुकरण केले. बीएसएने १९४६ मध्ये, रॉयल एनफील्डने १९४८ मध्ये व नॉर्टनने १९४९ मध्ये आपापली समांतर द्विसिलिंडरी गाडी बाजारात आणली. युद्धामुळे रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी ब्रिटनला परकीय चलनाची निकड होती व त्यासाठी निर्यातीवर भर होता. अमेरिकेतील लांब व सरळ रस्त्यांवर अधिक शक्तीची मागणी होती. तिच्यासाठी टर्नर यांनी सिलिंडराचा व्यास ७१ मिमी. व धाव ८२ मिमी. करून १९५० च्या हंगामासाठी ६४९ घ. सेंमी. ची थंडरबर्ड ही गाडी तयार केली. द वाइल्ड वन (१९५३) या चित्रपटात मार्लन ब्रँडो याने हीच गाडी चालविली होती.

१९५१ मध्ये बीएसएने ट्रायंफ विकत घेतली. १९५६ मध्ये जॉनी ॲलन या अमेरिकन चालकाने युटा राज्यातील बॉनव्हिल या मिठाच्या मैदानावर ट्रायंफ एंजिन बसविलेल्या लांबट आच्छादित वाहनातून ताशी सु. ३४५ किमी. वेग गाठला. या विक्रमास आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्यता दिली नाही. तथापि त्या स्थळाचे नाव कंपनीने आपल्या नव्या गाडीस दिले. दोन कार्ब्युरेटर असलेली व सु. ४६ अश्वशक्तीची ही बॉनव्हिल गाडी १९५९ च्या हंगामापासून विकली जाऊ लागली आणि पुढील दशकात वेगवान ब्रिटिश मोटारसायकल म्हणजे बॉनव्हिल असे समीकरण झाले.

कंपनाचा प्रश्न : या रचनेत प्रथमपासून एक दोष होता. दोन्ही दट्टे एकाच वेळी वर-खाली होत असल्यामुळे समतोलाच्या दृष्टीने हे एंजिन एका मोठ्या सिलिंडराच्या एंजिनासारखेच असते. दट्ट्यांच्या जडत्वामुळे निर्माण होणारी प्रेरणा कमी करण्यासाठी भुजादंडावर विरुद्ध बाजूस वजने बसवितात. परंतु त्यांनी उभ्या दिशेतील प्रेरणेचा काही भाग केवळ आडव्या दिशेत वळविला जातो. ही प्रेरणा दट्ट्याचे वजन व धाव यांच्या समप्रमाणात आणि गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच दर मिनिटास ४,००० फेऱ्यांऐवजी ६,००० फेरे झाल्यास कंपन करणारी प्रेरणा सव्वादोन पट होते.

पाचशे घ. सेंमी. च्या मूळ एंजिनात हा दोष सुसह्य होता. परंतु अधिक शक्तीसाठी प्रत्येक वेळी त्याच एंजिनाचे सिलिंडर मोठे करण्याचा मार्ग अनुसरण्यात आला. ५०० चे ६५० आणि ६५० चे ७५० घ. सेंमी. होत असताना दट्टे जड होत गेले, संपीडन वाढले व एंजिनाची गतीही वाढत गेली. दीर्घ प्रवासात हात बधिर होणे, दिव्यांच्या तारा तुटणे, खिळे सैल होऊन पडणे या तक्रारी नेहमीच्या झाल्या. भुजादंडाची पेटी उभ्या जोडाने दोन भागांत विभागलेली असल्यामुळे जोडातून तेलही पाझरत असे.

नॉर्टन कंपनीने १९६७ मध्ये सादर केलेल्या कमांडो या गाडीत या दोषावर निराळा उपाय योजला. एंजिन, गिअर पेटी व मागील चाकाचा दोलक बाहू हे एकत्र जोडून रबरी आधारांवर चौकटीत बसविण्यात आले. त्यामुळे विशिष्ट गतीच्या वर चालकापर्यंत कंपन फारसे पोहोचत नसे. उपाय कल्पक होता व गाडी लोकप्रियही झाली. परंतु त्यामुळे एंजिनातील मूळ कंपन नाहीसे झाले नाही, केवळ चालक त्यापासून वेगळा केला गेला. ७४५ घ. सेंमी. च्या या एंजिनाची धाव ८९ मिमी. होती. दर मिनिटास ६,५०० फेऱ्यांना त्याच्या दट्ट्याची सरासरी गती सेकंदास सु. १९·३ मी. होते, तर पुढे वर्णन केलेल्या होंडा एंजिनात त्याच फेऱ्यांना ती केवळ १३·७ मी. असते. या फरकावरून कोणत्या रचनेत आणखी वाढीस वाव शिल्लक होता, हे स्पष्ट होते.

जपानी स्पर्धा : जपानमधील होंडा कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा यांनी १९५४ मध्ये टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीत भाग घेण्याचा मनोदय जाहीर केला व त्याच वर्षी ती प्रत्यक्ष पाहिली. त्यानंतर पाच वर्षे तयारी करून १९५९ मध्ये कंपनीने १२५ घ. सेंमी. च्या वर्गात गाड्या उतरविल्या. त्या सहाव्या, सातव्या, आठव्या व अकराव्या आल्या आणि संघाचे पारितोषिक होंडाला मिळाले. १९६१ मध्ये माइक हेलवूड या इंग्लिश चालकाने १२५ व २५० घ. सेंमी. चे दोन्ही वर्ग होंडावर जिंकले. त्याच स्पर्धेत ५०० घ. सेंमी. चा वर्ग त्यानेच एकसिलिंडरी नॉर्टनवर जिंकला. एकाच आठवड्यात, एकाच चालकाच्या हातून एक युग संपताना व दुसरे सुरू होताना दिसले.

होंडाच्या यशाचे मर्म लहान सिलिंडरांत होते. ठराविक क्षमता अधिक सिलिंडरांत विभागल्यास प्रत्येक दट्ट्या व झडप हलकी होते, धाव आखूड होते आणि एंजिन अधिक गतीने सुरक्षितपणे फिरू शकते. १९६६ मधील २५० घ. सेंमी. चे षट्सिलिंडरी होंडा एंजिन दर मिनिटास १८,००० फेऱ्यांना सु. ६० अश्वशक्ती देत असे. त्याच्या दुप्पट क्षमतेच्या मँक्स नॉर्टनची शक्ती सु. ५० अश्वशक्ती होती. शर्यत ही होंडाच्या दृष्टीने जाहिरातीबरोबरच संशोधनाची प्रयोगशाळाही होती व तेथे तयार झालेले तंत्रज्ञ पुढे रस्त्यावरील गाड्यांच्या कामास लागले.

टर्नर यांनी १९६० मध्ये जपानला भेट देऊन तेथील कारखाने पाहिले होते. उत्पादनाचे प्रचंड प्रमाण व आधुनिक यंत्रसामग्री यांविषयी त्यांनी संचालकांना अहवालही दिला होता. तथापि जपानी कंपन्या लहान गाड्या बनवितात, त्यांच्यामुळे नव्या लोकांना मोटारसायकलीची गोडी लागेल व पुढे तेच ग्राहक मोठ्या ब्रिटिश गाड्यांकडे वळतील, असा समज ब्रिटिश चालकवर्गात प्रबळ होता. स्वदेशातही १९५९ मध्ये आलेल्या मिनी या स्वस्त मोटारगाडीमुळे बाजूगाडी जोडलेल्या मोटारसायकलीचे कुटुंबवत्सल गिऱ्हाईक कमी होऊ लागले होते. लहान गाड्यांचे क्षेत्र एकेक करून सोडून देण्यात आले व अधिक नफ्याच्या मोठ्या गाड्यांवर भिस्त ठेवण्यात आली.

त्रिसिलिंडरी व चतुःसिलिंडरी गाड्या : ट्रायंफमधील बर्ट हॉपवुड व डग हील या अभियंत्यांनी समांतर द्विसिलिंडर एंजिनाच्या मर्यादा ओळखून १९६० नंतर लवकरच त्रिसिलिंडरी एंजिनाचा आराखडा केला. १९६५ च्या सुमारास त्याचा प्रायोगिक नमुना चालूही झाला होता. परंतु निर्णयात व गाडीचे बाह्य रूप ठरविण्यात वेळ गेला आणि ७४० घ. सेंमी., ५८ अश्वशक्तीची ही गाडी १९६८ च्या सप्टेंबरात ट्रायंफ ट्रायडेंट व बीएसए रॉकेट-३ या नावांनी बाजारात आली. पुढच्याच महिन्यात टोकिओ येथील प्रदर्शनात होंडाने सीबी-७५० ही चतुःसिलिंडरी गाडी मांडली व १९६९ मध्ये तिचे उत्पादन सुरू केले. ७३६ घ. सेंमी. क्षमता, ६३ मिमी. धाव, माथ्यावरील कॅमदंड, ६७ अश्वशक्ती, पाच गिअर, विजेवर सुरू होणारे एंजिन व पुढील चाकास डिस्क ब्रेक ही तिची वैशिष्ट्ये होती. आडव्या जोडाच्या पेटीमुळे तेल गळत नसे. ट्रायडेंटला मात्र चार गिअर व जुन्या पद्धतीचा ड्रम ब्रेक होता, आणि ती किक मारूनच सुरू करावी लागे. वळणांवर ट्रायडेंटची पकड उत्तम होती व शर्यतींत तिने चांगली कामगिरीही केली. पण अमेरिकेत तिची किंमत होंडापेक्षा अधिक होती. तीन वर्षे आधी ती आली असती, तर तिला निर्विवाद आघाडी मिळाली असती.

यात समांतर द्विसिलिंडर रचनेचाच सर्वस्वी दोष होता, असे म्हणता येत नाही. यामाहा या जपानी कंपनीने १९७० मध्ये याच रचनेची ६५३ घ. सेंमी. ची गाडी विक्रीस आणली; तिच्यात कॅमदंड माथ्यावर व पेटीचा जोड आडवा होता. ती अनेक वर्षे टिकून राहिली. बीएसए व ट्रायंफ येथे मात्र जुनी यंत्रे वापरात होती व नफ्यातील पुरेसा भाग नव्या यंत्रांकडे वळला नव्हता. १९७१ च्या हंगामासाठी आखलेली नवी चौकट उशिरा तर आलीच. शिवाय तिच्यात एंजिन सहज बसत नव्हते आणि तिची बैठक सामान्य उंचीच्या चालकास फार उंच होती. हंगाम हातचा गेला व कंपनी मोठ्या तोट्यात गेली. १९६८ मध्ये अमेरिकेतील मोठ्या मोटारसायकलींच्या विक्रीत ब्रिटिश गाड्यांचा वाटा सु. ४९% होता, १९७४ मध्ये तो सु. ९% वर आला.

मेरिडन सहकारी संस्था : १९७३ मध्ये शासनाच्या आर्थिक साहाय्याने बीएसए, ट्रायंफ व नॉर्टन एकत्र करून नॉर्टन व्हिलियर्स ट्रायंफ ही कंपनी स्थापन झाली. तीन कारखाने पोसणे शक्य नसल्याने त्याच वर्षी सप्टेंबरात मेरिडनचा कारखाना बंद करण्याचे जाहीर झाले. तेथील कामगारांनी कारखान्याचा ताबा घेतला व तयार गाड्याही बाहेर जाऊ दिल्या नाहीत. सु. दीड वर्षानंतर, उद्योगमंत्री टोनी बेन यांच्या पाठिंब्याने व शासकीय कर्जाच्या आधारे, १९७५ च्या मार्चमध्ये कामगारांची सहकारी संस्था उत्पादन करू लागली. प्रारंभी सर्वांना समान वेतन होते. तथापि या प्रदीर्घ संघर्षाची किंमत दुसऱ्या कामगारांनाही मोजावी लागली. एकत्रीकरणाची मूळ योजना कोलमडली आणि बर्मिंगहॅममधील स्मॉल हीथ येथील बीएसएचा कारखाना थोड्याच काळात बंद पडला.

सहकारी संस्थेजवळ बनविण्यासारखी गाडी एकच होती, ती म्हणजे ७४४ घ. सेंमी. ची बॉनव्हिल. नव्या एंजिनासाठी भांडवल नव्हते. टर्नर यांच्या १९३७ मधील मूळ कल्पनेचाच तो विस्तार होता. कामगारांनी ती निष्ठेने बनविली व तिच्यात सुधारणाही केल्या. पण १९८३ मध्ये संस्था बंद पडली. ट्रायंफचे नाव जॉन ब्लूर या बांधकाम व्यावसायिकाने विकत घेतले व हिंक्ली येथे सर्वस्वी नव्या कारखान्यातून १९९१ पासून नव्या गाड्या बाहेर पडू लागल्या.

भारताशी संबंध : रॉयल एनफील्ड कंपनीची ३५० घ. सेंमी. ची बुलेट ही एकसिलिंडरी गाडी भारतीय सैन्याने निवडल्यावर १९५५ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. प्रथम सुटे भाग आणून जोडणी होई; पुढे सर्व भाग येथेच तयार होऊ लागले. १९७० मध्ये मूळ कंपनीचे इंग्लंडमधील उत्पादन संपुष्टात आले, तेव्हा ही परंपरा केवळ मद्रासमध्ये जिवंत होती. १९७७ पासून तेथील बुलेट ब्रिटनमध्ये निर्यातही होऊ लागली. याच कंपनीने २०१८ मध्ये ६४८ घ. सेंमी. ची समांतर द्विसिलिंडरी इंटरसेप्टर ही गाडी विक्रीस आणली. तिच्यात दोन्ही दट्टे एकत्र न हलता भुजादंडावर २७० अंशांच्या अंतराने जोडलेले असून कंपन कमी करण्यासाठी स्वतंत्र समतोल दंड आहे. टर्नर यांच्या रचनेतील मूळ दोषाचे निराकरण अशा प्रकारे एंजिनाच्या आतच झाले.

इतर ब्रिटिश नावांचेही भारतीय उद्योगांशी संबंध जुळले आहेत. बीएसएचे नाव २०१६ मध्ये महिंद्र उद्योगसमूहातील क्लासिक लेजंड्स या कंपनीकडे आले, तर नॉर्टन कंपनी २०२० मध्ये टीव्हीएस कंपनीने विकत घेतली. बजाज ऑटो व ट्रायंफ यांच्यातील करारानुसार ट्रायंफच्या ३९८ घ. सेंमी. च्या एकसिलिंडरी गाड्यांचे उत्पादन २०२३ पासून पुण्याजवळील चाकण येथे होऊ लागले.